धोक्याची पाटी वाचायची कोणी?

एका नावासाठी आपला समाज सोळा वर्षे लढला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, शेकडो तरुण तुरुंगात गेले. तेव्हाही काही शहाणे विचारत होते की पाटी बदलून पोट भरते का? पाटी कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि ती वाचण्याचा हक्क कोणाला, हे प्रश्न या देशात कधीच साधे नव्हते, हे आपल्या आईबापांना ठाऊक होते. म्हणून ते लढले.

आज आम्ही दुसऱ्या एका पाटीविषयी लिहीत आहोत. ती कारखान्यातल्या ड्रमवर असते, थिनरच्या डब्यावर असते, ॲसिडच्या कॅनवर असते. लाल कडेचा, टोकावर उभा केलेला पांढरा चौकोन आणि त्यात काळे चित्र. रसायनाचा धोका सांगणारे हे चिन्ह आपल्या वस्तीतली शेकडो माणसे रोज पाहतात. त्याचा अर्थ मात्र त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, देवगिरी महाविद्यालय आहे. इथून रेल्वे स्टेशनची जुनी औद्योगिक वसाहत जवळ, चिकलठाणा आणि वाळूज कंपनीच्या बसच्या अंतरावर, पुढे शेंद्रा. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलाला ही चिन्हे पुस्तकात भेटतात. हाउसकीपिंगला जाणाऱ्या त्याच्या आईला आणि पेंट शॉपमध्ये कंत्राटावर लागलेल्या त्याच्या भावाला ती कामावर भेटतात. ज्याला धोका कमी त्याला माहिती जास्त आणि ज्याला धोका जास्त त्याला माहिती शून्य, ही वाटणी आपोआप झालेली नाही. आमचा सगळा मुद्दा या वाटणीचा आहे.

चित्राला भाषा लागत नाही, हा गैरसमज

जगभर एकच चिन्हे असावीत म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ चित्रे आहेत. भारतात ही पद्धत अजून पूर्णपणे सक्तीची झालेली नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या आणि बाहेरून आलेल्या मालावर ती सर्रास दिसते. चित्रे असल्यामुळे अडाणी माणसालाही कळतील, असे मॅनेजर लोक म्हणतात. आम्ही उस्मानपुऱ्यातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात ही नऊ चित्रे भिंतीवर लावली आणि कामावर जाणाऱ्या बायामाणसांना अर्थ विचारला. कवटी सर्वांनी ओळखली, पण बहुतेकांनी सांगितले 'करंट'. कारण आपण कवटी पाहिलेली असते ती विजेच्या डीपीवर. छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाच्या चित्राला एका मुलाने 'हार्ट पेशंट' म्हटले. वर्तुळावर ज्वाळा असलेले चित्र म्हणजे गॅसची शेगडी, असे एका मावशींनी ठामपणे सांगितले.

यात हसण्यासारखे काही नाही. अक्षर जसे शिकवावे लागते, तसे चिन्हही शिकवावे लागते. म्हणून इथेच सांगून टाकतो.

ज्वाळा म्हणजे पेट घेणारा पदार्थ: थिनर, पेट्रोल, स्पिरिट. त्याची वाफ दिसत नाही, पण ती जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

वर्तुळावरची ज्वाळा म्हणजे ऑक्सिडायझर. हा पदार्थ दुसऱ्याला जाळायला मदत करतो. तो चिंध्या, तेल, भुसा यांच्याजवळ ठेवायचा नसतो.

फुटणारा गोळा म्हणजे स्फोटक. धक्का, घर्षण किंवा उष्णता यांनी फुटणारे.

सिलिंडर म्हणजे दाबाखालचा वायू. तो न पेटणारा असला तरी टाकी तापली तर फुटते.

हात आणि धातूवर सांडणारे थेंब म्हणजे त्वचा, डोळे आणि लोखंड खाणारा पदार्थ: ॲसिड, कॉस्टिक सोडा.

कवटी म्हणजे थोड्या प्रमाणात आणि थोड्या वेळात जीव घेणारे विष.

उद्गारचिन्ह म्हणजे त्यामानाने सौम्य इजा: खाज, डोळ्यांची जळजळ, गुंगी. सौम्य म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नाही.

छातीवर चांदणी असलेला माणूस म्हणजे आज न दिसणारा धोका: कॅन्सर, दमा, गर्भावर परिणाम, मूत्रपिंड-यकृताचे नुकसान. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतले क्रोमिक ॲसिड या गटात येते. त्याच्या वाफाऱ्याने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. कवटी आजचा धोका सांगते, चांदणी वीस वर्षांनंतरचा. कंत्राट अकरा महिन्यांचे असते, म्हणून वीस वर्षांनी त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

नववे चित्र मेलेल्या माशाचे आणि वाळलेल्या झाडाचे. म्हणजे पाण्यातल्या जिवांना मारणारे. हे नाल्यात ओतायचे नसते.

चित्राशेजारी इंग्रजीत एक शब्द असतो, 'डेंजर' किंवा 'वॉर्निंग'. दोन्हींत 'डेंजर' अधिक गंभीर. टँकरच्या फलकावर चार आकडी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. टँकर उलटला की मोबाइल काढून धावण्याआधी लांबून हा आकडा वाचायचा आणि वाऱ्याच्या उलट दिशेला जायचे. यासाठी पदवी लागत नाही. दोन रविवार पुरतात.

उरवडे आठवा

७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे एका कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत १५ बाया. तिथे पाणी शुद्ध करण्यासाठीची क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादने तयार होत होती. 'पाण्याचे औषध' या शब्दात भीती वाटावी असे काही नाही. पण क्लोरीन डायऑक्साइड हा ऑक्सिडायझर आहे, म्हणजे आमच्या मावशींनी शेगडी समजलेले तेच चित्र. पॅकिंगचे काम हलके, बायकांचे, असे आपल्याकडे धरून चालतात. काम हलके असले तरी पदार्थ हलका असतो असे नाही.

आपल्या शहरातही वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. जगाच्या हातांचे रक्षण करणारी वस्तू बनवणाऱ्यांना रात्री निजायला कारखान्याबाहेर जागा नव्हती. आणि ज्या महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत आज रसायनांचे कारखाने आहेत. तिथे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी स्फोट झाला आणि कामगारांचे बळी गेले. अशी प्रत्येक बातमी दोन दिवस टिकते. मग मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते आणि 'कामगारांनी निष्काळजीपणा केला' हे वाक्य कुठून तरी हळूच बाहेर येते.

निष्काळजीपणा करायलाही आधी काळजी कशाची घ्यायची, हे माहीत असावे लागते.

बाटलीवर काहीच नसते, तेव्हा

चिन्हांचा वर्ग संपताना एका ताईंनी जो प्रश्न विचारला, त्याने आमचे डोळे उघडले. त्या एका खासगी कार्यालयात कंत्राटदारामार्फत सफाईला जातात. त्या म्हणाल्या, "दादा, आमच्या बाटलीवर काहीच नसतं. पाण्याची जुनी बाटली देतात अन् म्हणतात, हे संडासात टाक. मी काय वाचू?"

इथे मोठ्या कारखान्याचा ड्रम आणि आपल्या ताईची बाटली यांतला फरक लक्षात घ्या. कंपनीत ड्रम येतो तेव्हा त्यावर लेबल असते, कारण तो विकणाऱ्याला आणि नेणाऱ्याला कायदा विचारतो. मग तो फुटतो कॅनमध्ये, कॅन फुटतो बाटलीत, आणि दर पायरीला माहिती गळत जाते. सर्वांत खाली जो हात असतो, त्याच्यापर्यंत पदार्थ पोहोचतो, नाव पोहोचत नाही. जातीच्या उतरंडीत ज्ञान असेच गळत आले आहे.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. डाग जात नाही म्हणून त्यावर ब्लिचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारण्यासाठी सोडला गेला होता. बंद संडासात, खिडकी नसताना, 'चकाचक पाहिजे' या हुकमाखाली एक बाई दोन बाटल्या एकत्र करते. दोन्हींवर नाव असते आणि 'एकत्र करू नका' हे तिला माहीत असते, तर तिने ते केले नसते. तिला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, ती पदराने नाक दाबते आणि काम पूर्ण करते. पुढे दम लागायला लागतो तेव्हा घरात म्हणतात, वय झालं.

आणि माणूस घाटीत नेला तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय होतं?" त्याचे उत्तर सोबतच्यांना देता आले, तर उपचार लवकर सुरू होतो. 'काहीतरी केमिकल होतं' हे उत्तर नाही. म्हणून पदार्थाचे नाव माहीत असणे हा जिवाचा प्रश्न आहे.

गटारात माणसे मरतात, तिथे तर पाटीच नाही. गटाराच्या झाकणावर कवटी कोणी पाहिली आहे? आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली होती. त्यांतले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. २०१३ चा कायदा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली. मेल्यानंतरची किंमत ठरते. झाकणावर धोक्याची पाटी मात्र लागत नाही, कारण पाटी लावायची तर आत माणूस उतरतो हे कबूल करावे लागेल.

हे आपले काम आहे का?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की हे युनियनचे काम, आपण संविधान, आरक्षण, अत्याचार यांवर बोलावे. त्यांना आम्ही इतिहास आठवून देतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धाग्याला तोंड लावावे लागे आणि त्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला बाटवणारा होता. पगार जास्त त्या खात्याला दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत, आपल्यापासून फार दूर नसलेल्या मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे म्हणणे आपण भाषणात सांगतो. ते पेंट शॉपमध्ये जाऊन पाहत नाही.

आणि आरक्षणाविषयी बोलायचे तर सरळ बोलू. शिपाई, सफाई कामगार, वॉर्डबॉय या जागा एकेक करून कंत्राटदाराकडे गेल्या. कंत्राटाला आरक्षण नाही. पण त्या कामावर माणसे कोणती आहेत ते जाऊन पाहा. हक्काच्या नोकरीत आपल्याला टक्केवारीने मोजले. धोक्याच्या कामात न मोजताच भरले.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वाचता येऊन उपयोग काय? कामगाराला उद्या कामावर जायचेच आहे. हे आम्हाला मान्य आहे. चिन्ह म्हणजे सुरक्षा नव्हे. सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड शिकवतात. पहिला उपाय, घातक पदार्थ काढूनच टाका. दुसरा, कमी घातक वापरा. तिसरा, यंत्राने धोका दूर ठेवा: वाफ ओढणारे पंखे, बंद टाक्या. चौथा, नियम, प्रशिक्षण आणि पाट्या. पाचवा आणि शेवटचा, मास्क, हातमोजे. आपल्याकडे ४ मार्चला सुरक्षा दिन येतो तेव्हा शपथ घेतली जाते ती चौथ्या-पाचव्या उपायांची. म्हणजे जबाबदारी कामगाराच्या अंगावर. पहिल्या तिघांचा खर्च मालकाचा, म्हणून त्यांवर भाषण होत नाही.

म्हणूनच चिन्ह वाचणारा कामगार मालकाला नको असतो. जो ज्वाळा ओळखतो तो विचारतो, इथे वेल्डिंग का चालू आहे? जो चांदणी ओळखतो तो विचारतो, टाकीवरचा पंखा बंद का? चिन्ह प्रश्नाला सुरुवात करून देते. आणि प्रश्नाला कायद्याचा आधार आहे.

कायदा काय देतो, काय काढून घेतो

भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसे मारली. वस्तीला आपल्या शेजारी काय साठवले आहे, हे माहीत नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. मालकाने धोक्याची माहिती कामगारांना दिलीच पाहिजे आणि कामगाराला ती मागण्याचा हक्क आहे, असे त्यात आले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत प्रत्येक डब्यावर आतला पदार्थ, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती असली पाहिजे, असे आहे. पदार्थाचे सुरक्षा माहितीपत्रकही असते. आजच्या पद्धतीत त्याचे १६ भाग असतात. आपल्या कामाचे तीन: दुसऱ्यात धोका, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात कोणता मास्क, कोणते हातमोजे.

आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १४ ने आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला दिला आहे. पण त्याच संहितेत 'कारखाना' म्हणायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० आणि विजेविना २० ऐवजी ४० कामगार लागतात. आपली माणसे जिथे जास्त आहेत ती पंधरा जणांची प्लेटिंगची शेड, ते रंगकाम, त्या व्याख्येबाहेर जाते. एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने कारखान्याची व्याख्याच आखडली. याविरुद्ध आपल्या पक्ष-संघटनांनी काय केले, हे प्रत्येकाने आपापल्या नेत्याला विचारावे.

करायचे काय

एक. कामावरच्या डब्याचे लेबल वाचा. वाचता येत नसेल तर नाव लिहून घ्या, मुलांना वाचायला सांगा. घरातला शिकलेला मुलगा या कामी यायला हवा. नाहीतर त्याचे शिक्षण कोणासाठी?

दोन. नाव नसलेली बाटली घेऊ नका. 'यात काय आहे ते लिहून द्या' एवढे एकच वाक्य शिका. पण हे वाक्य एकट्याने म्हणू नका. एकट्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात. दहा सह्यांचा लेखी अर्ज अडवणे अवघड जाते. त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या आणि पोच घ्या. तपासणी झाली का, हे माहिती अधिकारात विचारा.

तीन. ॲसिड आणि ब्लिचिंग कधीच एकत्र करू नका. गटारात पडलेल्याला काढायला तसेच उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा. ही दोन वाक्ये प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात, पुन्हा पुन्हा सांगा.

चार. १४ एप्रिलला प्रत्येक चौकात फ्लेक्स लागतात. शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो आपण पुष्कळ पाहिले. या वर्षी प्रत्येक जयंती मंडळाने एक फ्लेक्स नऊ चिन्हांचा लावावा, खाली मराठीत अर्थ, मोठ्या अक्षरात. २८ एप्रिल हा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे आणि १ मे कामगार दिन. तोवर फ्लेक्स काढू नये. या सतरा दिवसांत प्रत्येक वस्तीत दोन वर्ग घ्यावेत. शिकवायला तंत्रनिकेतनातले, बी.एस्सी.चे आपलेच विद्यार्थी आहेत. उस्मानपुऱ्यात हे काम आम्ही सुरू केले आहे. बाकीच्या वस्त्यांतल्या मंडळांनी यादी करावी: कोणाच्या घरातले कोण कुठल्या रसायनाशी काम करते. पहिल्याच दिवशी कळेल की निम्म्या नावांपुढे 'माहीत नाही' लिहावे लागते.

तो 'माहीत नाही' खोडत जाणे हेच काम आहे. ज्या दिवशी सफाईला जाणारी आपली ताई बिननावाची बाटली टेबलावर परत ठेवील आणि तिच्या मागे दहा जणी उभ्या राहतील, त्या दिवशी लेबल लावायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न कंत्राटदाराचा असेल.

जय भीम.